मनातलं ओळखणारी खिडकी

"एक कागद मागत नाहीत, हे कसलं मेलं कार्यालय!" प्रमिलाबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

हॅम्बुर्गमध्ये व्हिसा वाढवायला आता कागद लागत नसत. राहण्याचं कारण खिडकीला सांगायचं. ते मनातलं असलं तर दिवा हिरवा, नसलं तर लाल. तीनदा लाल झाला की परतीचं विमान.

"आईच्या गुडघ्यांवर उपचार करायचेत," मंदार म्हणाला. गुडघे ठणठणीत होते. दिवा लाल झाला.

"नातीला सांभाळायचंय," प्रमिलाबाईंनी पढवलेलं म्हटलं. नात कधीच पाळणाघरात रमली होती. पुन्हा लाल.

मंदारला घाम फुटला. केतकीने सासूकडे पाहिलं. वर्षभर दोघींचं फोडणीपासून पडद्यांपर्यंत वाजत होतं. काल तर बाईंनी रागाने बॅगही भरली होती. पण "दमलीस का गं?" असं विचारणारं या शहरात तिला दुसरं होतं कोण?

ती खिडकीशी वाकली. "यांच्याशिवाय मला करमायचं नाही."

दिवा हिरवागार झाला. अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

प्रमिलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "हे घरी बोलायला काय धाड भरली होती गं? मला तरी कुठे जायचं होतं!"