दोघं एका फोटोत

धाकट्या भावाला पडद्यावर आरशातल्यासारखं उलटं फिरवलं, तेव्हा कुठे दोघांवरचा उजेड एकाच बाजूने यायला लागला.

"आता जमलं," संगणकाच्या क्लासमधली बाई म्हणाली.

मधलीने मान डोलावली. दोन भावांमधली ही एकटी बहीण, म्हणून घरात तिला सगळे मधलीच म्हणत. उभा जन्म लोकांचे कपडे बेतण्यात गेलेला, त्यामुळे कापणं तिला पहिल्याच आठवड्यात आलं. माणसाच्या कडेकडेने माऊस फिरवायचा आणि मागची भिंत टाकून द्यायची. जड गेलं ते जोडणं. थोरल्याचा फोटो त्याच्या ऑफिसातला, धाकट्याचा गच्चीवरचा. एकावर उजेड डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून.

दुखण्यातून उठल्यावर आईने एकच धोशा लावला होता, दोन्ही मुलं एका फोटोत हवीत. अकरा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली मुलं. मधलीने दोघांकडे खेपा घातल्या. थोरला म्हणाला, "तो येणार असेल तर मी नाही." धाकट्याचंही तेच, फक्त आवाज चढा. मग तिने विनवण्या सोडल्या आणि क्लास लावला.

त्या दुपारी तिने फोटो आईच्या हातात ठेवला. आईने चष्मा पुसला, खुर्ची खिडकीकडे ओढली आणि बराच वेळ बघत राहिली.

"कधी भेटले?"

"रविवारी."

"आणि मला कुणी नेलं नाही."

आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. महिनाभर मधलीने सावल्यांचा विचार केला होता, रंगांचा केला होता. हा प्रश्न काही तिच्या डोक्यात आला नव्हता.

"तुझे गुडघे..." ती पुटपुटली.

आईने फोटो आणखी जवळ धरला. मग धाकट्याच्या गालावर नख टेकवलं.

"याचा तीळ डाव्या गालावर आहे. इथे उजव्या कसा?"

मधली पलंगाच्या कडेवर बसली. तिला लाज वाटली, अगदी लहानपणी चोरी पकडली जायची तशी. "उलटा फिरवलाय त्याला. उजेड जुळत नव्हता." मग एका दमात म्हणाली, "ते भेटलेच नाहीत, आई. मी जोडलेत."

आई रडली नाही. तिने दोघांच्या मधल्या जागेवरून अंगठा फिरवला, कपड्याची शिवण चाचपावी तसा.

"जोड कळत नाही पण. हात बसलाय तुझा." मग म्हणाली, "मला पण घाल यात. मधोमध."

"घालते."

"आणि आधी त्याला सरळ कर."

"उजेड जुळणार नाही मग."

"न जुळू दे."

मधलीने भिंतीवर पांढरी चादर लावली आणि मोबाईल घेऊन समोर उभी राहिली. आई काठी टेकत चादरीपुढे आली. वळली. केस सारखे केले.

"हात खाली सोड," मधली म्हणाली. "कापायला सोपं जातं."

आईने काठी भिंतीला लावून ठेवली. दोन्ही हात दोन बाजूंना उचलले आणि पंजे हवेतच टेकवले, कुणाच्या तरी खांद्यांवर ठेवल्यासारखे. उजवा हात चार बोटं जास्त वर होता. मधलीने मोबाईलमधून पाहिलं. गुडघे थरथरत होते, हात मात्र स्थिर होते.

"उजवा जरा खाली घे, आई. वाकडं दिसतंय."

"थोरला उंच आहे," आई म्हणाली. "तू काढ लवकर. हात भरून आले."