तिसऱ्या रविवारची हरकत

“माझी हरकत आहे.”

अंबरनाथच्या चर्चमध्ये दुसऱ्या बाकावरून सुदाम साळवे उभे राहिले, आणि शेजारी बसलेल्या मनालीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. हरकत घेणारे तिचे सख्खे वडील होते. पाळकसाहेबांनी नुकतीच तिच्या आणि शमुवेलच्या लग्नाची सूचना वाचली होती. रीतीप्रमाणे ती सलग तीन रविवार वाचतात, आजचा तिसरा, आणि कुणाची हरकत आहे का, तेही विचारतात. विचारायचं म्हणून विचारतात. आजवर त्यावर कुणी खोकलंसुद्धा नव्हतं.

“कसली हरकत, सुदामराव?”

“पंधरा जानेवारीच्या लग्नाला काय अर्थ, पाळकसाहेब? बारालाच प्रभू परत येतोय, जग संपतंय.”

शमुवेलच्या आईने तोंडाला पदर लावला. मनालीच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा महिने ती हेच ऐकत होती. उल्हासनगरात फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये कुणी एक ब्रदर भिंतीवर तक्ता टांगून युद्धं, भूकंप आणि साथींची बेरीज मांडायचा. आणि फॅक्टरीत चौतीस वर्षं मायक्रोमीटर लावून केसाएवढी चूक पकडणारा तिचा बाप तिथे डोळे मिटून आमेन म्हणायचा! पप्पांनी पत्रिका छापू दिल्या नाहीत. आईने शालू आणला, तर म्हणाले, स्वर्गात कपडे लागत नाहीत. आई दोन दिवस जेवली नव्हती.

पाळकसाहेबांचाही आवाज चढला. “ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही, असं खुद्द प्रभू सांगतो. मग दुकानावरच्या ब्रदरला कुणी कळवली? तो ज्यावरून हिशेब मांडतो ते बायबलातलं शेवटचं पुस्तक छळ सोसणाऱ्यांना धीर द्यायला लिहिलंय, सुदामराव. पोरींची लग्नं मोडायला नाही!”

“चिन्हं दिसतायत. तुम्हीच झोपलाय.”

मनाली ताडकन उठली. रडू फुटत होतं, ते तिने रागाच्या भरात गिळून टाकलं.

“ठीक आहे, पप्पा. मग लग्न बारालाच लावू. प्रभूने पहिला चमत्कार लग्नघरातच केला ना? येऊ दे त्याला. आमच्या डोक्यावर हात ठेवेल, मग जगाचं काय करायचं ते करेल. बोला, बाराला आहे का तुमची हरकत?”

सगळी मंडळी माना वळवून बघत होती. पलीकडच्या बाकावर शमुवेलही उभा राहिला होता. सुदामरावांनी बाकाची कड घट्ट धरली.

“बाराला नको,” ते पुटपुटले. “नागपूरहून तुझ्या आत्याचं तेराचं तिकीट आहे.”

“कुणी काढलं?”

“मीच.”