खालचा नट

"पुन्हा गळायलंय," जीपखालून उद्धव मिस्त्रीचा आवाज आला.

दारात उभ्या नर्मदाबाईंनी नुसतं "हं" केलं आणि हातातला ओटीचा नारळ परत देवळीत ठेवला. ही तिसरी खेप. नारळ तोच, खणही तोच. लेकीची ओटी भरायची, तिला जीपमध्ये बसवायची, आणि तासाभरात जीपसकट तिला ढकलत घरी आणायची, असं चाललं होतं. पहिल्यांदा बोरीचा फाटा ओलांडल्यावर मागून घरघर सुरू झाली. दुसऱ्यांदा फाट्याच्या अलीकडंच. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, त्यातलं गिअरचं तेल सगळं रस्त्यावर. उद्धवनं जिंतूरहून येऊन आधी दोन्ही चाकांची, तेल अडवणारी सीलं बदलली, मग गोळ्याच्या तोंडाचं बदललं. आज तर जीप अंगणातून हललीही नव्हती, आणि खाली थारोळं.

अनसूया मागच्या सीटवर ट्रंकेवर हात ठेवून बसूनच होती. बस म्हटलं की बसायची, उतर म्हटलं की उतरायची. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिच्या दंडावर काळानिळा डाग होता. आता तो पिवळा पडला होता. कशाचा, ते कोणी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

पण माणिकरावांनी शब्द दिला होता. चार भाऊबंदांसमोर, बैठकीत, छातीवर हात ठेवून. तुळशीच्या लग्नाआधी लेक सासरी नेऊन सोडतो म्हणून. जीप रुसली तेव्हा एका चुलतभावानं सुचवलं, एस्टीनं लावून द्या. "माझी लेक एस्टीनं सासरी जायची न्हाई!" माणिकराव गरजले. नर्मदाबाईंना हसू आलं होतं, कडू. म्हणजे मार खायला जायचं, पण जायचं जीपनं.

त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. ताट वाढायच्या, चहाची बशी पुढं करायच्या, बस. बोलायच्या त्या जीपशी. जाता-येता मनातल्या मनात म्हणायच्या, गळ गं माय, अशीच गळ.

उद्धव कमरेला हात लावून जीपखालून निघाला. "काकू, पावडर हाय का घरात? तोंडाला लावायची?"

"का रे? तुझं लगीन ठरलं का काय?"

"माझं कुठलं आता. गोळ्याला लावायचीय. रॉकेलनं पुसून कोरडा केलाय, नवं तेल बी भरलंय. हे तेल लय लबाड असतंय. निघतंय एकीकडून, दिसतंय दुसरीकडं. पांढऱ्यावर बरोबर घावंल."

अनसूयानं ट्रंक उघडून रुखवतातला पावडरचा डबा काढून दिला. उद्धवनं तो अख्खा जीपखाली उधळला. अंगणभर मोगऱ्याचा वास सुटला.

"हे काय नखरे लावलेत?" ओसरीवरून माणिकराव ओरडले.

"मालक, आता सकाळपोत्तर कोणी गाडीला हात लावू नका." शेवटची एस्टी निघून गेली होती. उद्धवनं ओसरीतच पथारी टाकली.

सकाळी उठल्या उठल्या तो जीपखाली शिरला. माणिकराव पारोसेच ओसरीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. नर्मदाबाई चहा घेऊन आल्या.

"सगळी सीलं कोरडी," खालून आवाज आला. "पांढरीफेक. तेल सोडायच्या खालच्या नटातून धार लागलीय." उद्धव बाहेर आला. तळहातावर तो नट होता, तेलानं काळा झालेला. "आटे चांगले हायेत. काल मी सोता कचकचून आवळला होता. उभ्या गाडीचा नट आपल्या आपण ढिला होत न्हाई, मालक. नटाभवतीची पावडर बी पुसलीय. बाहेरचं कोण येणार? घरातल्याच कोणीतरी..."

"कोणाची छाती झाली?" माणिकराव जागचे हलले नाहीत, पण आवाज पार गल्लीत गेला. दारातली अनसूया थिजली. उद्धवनं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

नर्मदाबाई नवऱ्याला बशी द्यायला वाकल्या होत्या. वाकल्या त्या तशाच थांबल्या.

"मी केला," त्या म्हणाल्या.

"काकू, तुमी?"

"मीच. आधीच्या खेपांना बी मीच. पुन्हा आवळशील तर पुन्हा ढिला करीन. तो नट तुझ्यासंगं जिंतूरला ने, आन तिकडंच हरवून टाक." मग कितीतरी दिवसांनी त्या नवऱ्याकडं वळल्या. "आन तुमी भाऊबंदाला सांगा, बायको आडवी पडली म्हणून शब्द मोडला. खुशाल माझं नाव घ्या."

माणिकरावांनी अडकित्ता खाली ठेवला.

"अनू," ते म्हणाले. "ट्रंक आत घे, माय."

उद्धव नट खिशात टाकून एस्टीच्या वाटेला लागला. अनसूया आत गेली. मग नर्मदाबाईंनी पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि नवऱ्याचे पांढरे कल्ले, भुवया, कानामागची जागा हलक्या हातानं पुसून काढली. पांढऱ्यावर पांढरं, कोणाला दिसलं नव्हतं.

"आधी अंघोळ करून घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "मोगऱ्याचा वास यायलाय तुमच्या डोक्याला."