सगळा माल उजवा

हातमोज्यांच्या कारखान्यात मावशी डाव्या हाताचे मोजे शिवायच्या. त्यांच्या टेबलावरची ट्यूब दोन वर्षांपासून उघडझाप करत होती. "तेवढी ट्यूब बदला हो, टाका दिसत नाही," असं सांगून सांगून बिचारीची जीभ झिजली होती.

मग एक दिवस क्वालिटीवाले नवे साहेब आले. तीन महिने त्यांनी एकेक सुटलेला टाका मोजला आणि भिंतीएवढा रंगीत आलेख लावला: शंभरातले ब्याऐंशी दोष डाव्या मोज्यांत! मावशींचा जीव भांड्यात पडला. चला, आता तरी ट्यूब येणार.

"दोषाचं मूळच उपटून टाकायचं," साहेबांनी आलेखावर छडी आपटली. "सोमवारपासून डावा मोजा बंद!"

"अहो, मग जोडी कशी व्हायची?" मावशींना राहवेना.

"दोन्ही उजवे द्यायचे! आता आपला सगळाच माल उजवा!"

मालक खूश झाले. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. कुणाला कामावरून काढायचं नाही, असंही मोठ्या मनाने ठरलं. त्यामुळे सोमवारी मावशी त्याच टेबलावर, त्याच ट्यूबखाली उजवे मोजे शिवायला बसल्या.

महिनाभराने नवा आलेख लागला आणि साहेबांचा चेहराच पडला.



शंभरातले शंभर दोष उजव्या मोज्यांत निघाले होते.