ठणठणीत पाय

सकाळी नऊला परिचारिका मालिन मधुमेही म्हाताऱ्या एस्किलच्या दारात बूट काढायला वाकली आणि तिला कुजका वास आला. वास त्याच्या डाव्या मोज्यातून येत होता. मधुमेहींचे पाय घरी न जाता व्हिडिओवर तपासायची कल्पना तिचीच. आज ती त्या योजनेच्या बातमीसाठी त्याचा फोटो काढायला आली होती. “अहो एस्किल, पाय तर ठणठणीत दिसायचा!” “तो उजवा, पोरी. डावा कॅमेऱ्यापर्यंत उचलवेना. उजव्याला तू ‘वा, छान’ म्हणायचीस, मग कशाला तुझा विरस करू?” ‘दुसरा दाखवा’ असं ती एकदाही म्हणाली नव्हती. “फोटो काढ की, मुद्दाम दाढी केलीय.” मान खाली घालून तिने रुग्णवाहिका बोलावली. दुपारी रुग्णालयातून फोन आला: पाय कापायचा का, ते उद्या ठरेल; पण तो शेवटचा कोणी पाहिला?