मयताचं बोलावणं

गजानन राजवाडे सकाळी गेले. कुमुदताई मोठ्याने रडल्या आणि शेजाऱ्यांची वाट पाहत बसल्या. मयताचं बोलावणं कोणी करत नाही. रडणं ऐकून माणसं आपणहून येतात, हे त्यांना ठाऊक होतं. दुपार झाली तरी कोणी आलं नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं, या नव्या इमारतीच्या भिंती आवाज गिळून टाकतात. मुलगा परदेशात होता. तिरडीला चार खांदे हवे होते आणि घरात त्या एकट्या होत्या. भिंतींचं हे आवाज गिळणं थांबवायचं बटण दाबून त्यांनी आवाजाला वाट करून दिली आणि पुन्हा हंबरडा फोडला.

लगेच बेल वाजली. दारात शेजारचा तन्मय होता. तो लहानपणापासून अशाच इमारतींत वाढला होता.

“काकू, तुमची भिंत बिघडलीय बहुतेक. आमच्याकडे कसला तरी आवाज येतोय. मुलगी घाबरलीय.”

“अरे, मी रडतेय. हे गेले.”

तन्मय ओशाळला. “सॉरी काकू. पण मग ग्रुपवर टाकायचं ना! कुणाला कळणार कसं?”

“मयताचं आमंत्रण देतात का रे?”

“मी टाकतो. मी आहेच, अजून तिघं लागतील,” तो म्हणाला आणि जाताना सवयीने भिंतीचं बटण पुन्हा दाबून आवाज बंद करून गेला.

कुमुदताई रडतच फोन पाहत राहिल्या. तन्मयच्या निरोपाखाली जोडलेल्या हातांची चित्रं येत होती. येतो असं कोणी लिहिलं नव्हतं. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलं, “आता आवाज येत नाहीये. थँक यू, तन्मय.”