स्टुलावरचा व्हिजन बोर्ड

माळ जरा लांब झाली. दाराचं तोरण करून उरलेला झेंडू सुरुचीने व्हिजन बोर्डाला घातला, तर तो खाली लोंबायला लागला. तिने गाठ मारून माळ आखूड केली. आता ती बरोबर मधल्या फोटोभोवती बसली. दसरा होता. लोक स्कूटरला घालतात, मिक्सरला घालतात, लिफ्टला घालतात. बोर्डाने काय घोडं मारलं होतं?

बोर्ड ऑफिसातला. परळला, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत तिची कंपनी. यंदा पगार वाढवायचा नव्हता, म्हणून कंपनीने स्वप्नं वाटली. नम्रता मॅडम नावाची बाई आली आणि तिने सगळ्यांच्या हातात कात्री आणि मासिकं दिली. हवं ते कापा, चिकटवा, ब्रह्मांड देतं. देतं म्हणे! सुरुचीने काश्मीर चिकटवलं, लाल गाडी चिकटवली, समुद्राकडे तोंड असलेली बाल्कनी चिकटवली. तिला खरं हवं होतं ते एवढंच, की घरी कुणीतरी यावं. त्याचं चित्र सापडेना. मासिकात गोऱ्या बायका एकट्याच हसत होत्या.

मध्ये स्वतःचा फोटो लावायचा होता. "आत्ताचा नको हं," मॅडम म्हणाल्या. "जसं व्हायचंय तसा लावा." शेजारच्या टेबलावरच्या पुष्करने ॲपमधून फोटो करून दिला. चष्मा गेला, केस मोकळे झाले, रंग उजळला, वय गळून पडलं. "कडक दिसतेस!" पुष्कर म्हणाला. त्यात ती दिसतच नव्हती, हे त्या गाढवाला कळलं नाही.

घरमालकाने भिंतीला खिळा मारायचा नाही असं बजावलं होतं. म्हणून बोर्ड स्टुलावर ठेवला. स्टूल गंजलेलं, म्हणून त्यावर चादर. धुतलेली एकच होती, पांढरी. सणाचा दिवस म्हणून पुढे निरांजन.

भोईवाड्यातली चाळ पाडून हा टॉवर उभा केला. चाळीत म्हणे दारं दिवसभर उघडी असायची. आता तीच माणसं जाळीच्या दारामागे, लाकडी दारामागे, टीव्हीच्या आवाजामागे बसतात. आई गेली, भावाने घर विकलं, तेव्हा सुरुची इथे भाड्याने आली. सकाळी तोंडाला स्कार्फ बांधून निघायची, स्कार्फ बांधूनच परतायची. मजल्यावर कुणी तिला 'काय गं' म्हटलं नव्हतं. तिनेही कुणाला म्हटलं नव्हतं. लाजाळू माणसाला मुंबईत माजोरडं म्हणतात.

आज मात्र तिने ठरवलं. दसऱ्याला लोक सोनं द्यायला घरोघर जातात. दार उघडं दिसलं तर एक तरी आत येईल. तिने दोन्ही दारं सताड उघडली, आपट्याची पानं ताटात मांडली, नवा ड्रेस घातला आणि बसली. दुपार गेली. लिफ्ट वर गेली, खाली गेली. उन्हं कलली तेव्हा तिच्या लक्षात आलं, कुणी आलंच तर द्यायला घरात काय आहे? ती श्रीखंड आणायला खाली उतरली. दार उघडंच ठेवलं. चोर आला तरी कुणीतरी आलं.

डेअरीवर ही मोठी रांग. परत आली तर दाराबाहेर चपला. एक जोड नाही, ढीग. तिच्या दाराबाहेर! ती पळतच आत शिरली.

माणसं जमिनीवर बसली होती. समोरच्या दारातल्या मालवणी सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला होता. कमिटीवाले रामदास काका हात जोडून उभे. सगळ्यांची तोंडं स्टुलाकडे. सोनं द्यायला एक माणूस मिळालं नव्हतं. मयताला अख्खा मजला लोटला होता.

"बघ गो, काश्मीर," सुंदराबाई शेजारणीला दाखवत होत्या. "गाडी. बालकनी. किती हौस होती बिचारीक. सगळा रवला तसाच."

"आणि कमिटीत असून मला पत्ता नाही," रामदास काका म्हणाले. "लाज वाटते. घरचे कुठे गेले असतील?"

"अस्थी घेऊन बाणगंगेला गेले असतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"दार उघडं टाकून? दाराला तोरणही तसंच?"

"दुःखात कुठे भान राहतं, काका?" कोपऱ्यातल्या फ्लॅटमधली लतिका डोळे पुसत म्हणाली. "रोज लिफ्टमध्ये भेटायची हो मला. इतकी बोलकी!"

सुरुचीने तोंड उघडलं. अहो, ही मी. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते तिला लख्ख दिसलं. आधी ओरडले असते, मग हसले असते, मग चपला घातल्या असत्या. मग दारं. एकेक करून सगळी दारं.

सुंदराबाई वळल्या. त्यांनी तिचा चष्मा पाहिला, बांधलेले केस पाहिले, घामेजलेला चेहरा पाहिला. पुन्हा फोटोकडे पाहिलं. आणि सरकून जागा केली.

"ये गो बाय, बस. उभी कित्याक? चाय घे, माझ्या घरातसून आणलंय. मयताच्या घरात चूल पेटवूची नसता." त्यांनी तिच्या हातात स्टीलचा पेला दिला. पाठीवरून हात फिरवला. त्या पाठीवर आई गेल्यापासून कुणाचा हात फिरला नव्हता. सुरुचीला रडू फुटलं.

"खूप जवळची होती काय? तू कोण हिची?"

"मैत्रीण."

"मग तूच सांग. आमका काय ठाऊक नाय. कशी होती गो ती?"

सगळे तिच्याकडे तोंड करून बसले. रामदास काकाही खाली टेकले. कुणीतरी पंखा वाढवला. सुरुचीने चहाचा घोट घेतला, डोळे पुसले.

"सांगते," ती म्हणाली. "पण मध्येच कुणी उठायचं नाही."